फिक्स्ड गिअर आणि ट्रॅक सायकलचे सुटे भाग व टायर : इंदूरच्या सायकलस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहाटे सुपर कॉरिडॉरवर किंवा बायपासच्या सर्व्हिस रोडवर आता अधूनमधून फिक्स्ड गिअरच्या सायकली दिसू लागल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर तेच ते प्रश्नही येऊ लागले आहेत. मी स्वतः कित्येक वर्षे अशी सायकल चालवतो आणि घरीच चाके बांधतो, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे फोनवरून, रस्त्यात थांबून आणि कधी थेट सायकल दारात आणून विचारले जातात. रंग, हँडल आणि रिमची चमक यांवर आधी पैसा खर्च होतो आणि हब (चाकाचा मधला भाग), लॉकरिंग (मागचे दातेरी चक्र जागेवर धरणारी कडी), चेन, टायर, पुढचा ब्रेक यांच्यासाठी काही उरत नाही, हे वारंवार पाहिल्यामुळे ही उत्तरे एकत्र लिहून काढली आहेत.

ट्रॅक सायकल आणि फिक्स्ड गिअर सायकल एकच असते का?

यंत्रणा एकच, उपयोग वेगळा. दोन्हींमध्ये मागचा कॉग, म्हणजे चेन ज्यावर चालते ते दातेरी चक्र, हबवर घट्ट बसवलेला असतो, फ्रीव्हील नसते आणि चाक फिरते आहे तोवर पेडलही फिरत राहते. ट्रॅक सायकल वेलोड्रोमसाठी, म्हणजे सायकल शर्यतींच्या कलत्या कडांच्या गोल ट्रॅकसाठी बनवतात. तिला ब्रेक नसतात आणि स्पर्धेच्या नियमांप्रमाणे ते चालतही नाहीत, कारण उतरत्या कडेवर एकमेकांना लागून धावणाऱ्या स्वारांपैकी एकाने अचानक ब्रेक दाबला तर मागचे सगळे कोसळतील. रस्त्यावर मात्र गाय, रिक्षा आणि उलट दिशेने येणारी मोटरसायकल या तिन्हींची तयारी ठेवावी लागते. म्हणून रस्त्यासाठीच्या फिक्स्ड सायकलला पुढच्या चिमट्यात (फोर्कमध्ये) ब्रेकचे भोक असावे, टायरसाठी थोडी अधिक जागा असावी आणि बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस ज्यात फिरतो तो भाग) जमिनीपासून पुरेशी उंच असावी. अस्सल ट्रॅक फ्रेममध्ये पहिल्या दोन गोष्टी बहुधा नसतात. केवळ "ट्रॅक" हा शब्द पाहून फ्रेम घेणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

सर्वांत आधी कोणत्या भागावर पैसे खर्च करावेत?

मागच्या हबवर. हे मी सर्वांना सांगतो आणि या पानावर दुसरे काही वाचले नाही तरी एवढे अवश्य वाचावे.

खऱ्या ट्रॅक हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतल्या, मोठ्या पायरीवर कॉग बसतो. तिचे माप १.३७ इंच असून इंचाला २४ आटे असतात आणि ते नेहमीच्या उजव्या दिशेचे असतात. बाहेरच्या, थोड्या लहान पायरीवर लॉकरिंग बसतो आणि तिचे आटे उलटे, म्हणजे डाव्या दिशेचे असतात. यामागचा विचार सुंदर आहे. आपण पुढे पेडल मारतो तेव्हा कॉग अधिकाधिक घट्ट होत जातो. पाय मागे रेटून वेग कमी करतो तेव्हा मात्र कॉग सैल होऊ पाहतो, आणि तो सुटण्यासाठी जसा फिरू लागतो तसा लॉकरिंगला त्याच दिशेने ओढतो. लॉकरिंगचे आटे उलटे असल्याने त्या ओढीने तो उलट घट्ट होतो. जितक्या जोराने पाय मागे रेटाल तितकी ही पकड वाढते.

अडचण अशी की जुन्या फ्रीव्हीलच्या हबवरही १.३७ इंच आणि २४ आटे हेच माप असते, त्यामुळे त्यावर ट्रॅकचा कॉग सहज चढतो. पुढे उलट्या आट्यांची पायरी नसल्यामुळे काही कारागीर तिथे बी.बी.चा लॉकरिंग चढवतात, कारण तोही त्याच मापाचा असतो. तो सरळ आट्यांचा असल्याने कॉगबरोबर तोही सुटतो. माझ्या पहिल्या सायकलला असाच हब होता. एका दुकानात ती तयार करून घेतली होती आणि "एकदम पक्की आहे" असे मला सांगण्यात आले होते. खंडवा रोडवर सिमरोळच्या पुढच्या उतारावर मी पाय मागे रेटला, पेडलला अर्धा फेरा काहीच भार लागला नाही, मागून खळकन आवाज आला आणि पाय मोकळे फिरू लागले. पुढचा ब्रेक होता म्हणून मी रस्त्याच्या कडेला सावकाश थांबू शकलो. चाक काढून पाहिले तेव्हा हबच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांचा चुरा कॉगच्या आतल्या बाजूला ग्रीसमध्ये मिसळून राखाडी चिखलासारखा झाला होता. तो हब पुन्हा कधीच कामाला आला नाही.

म्हणून दुकानात हब हातात घेऊन दोन पायऱ्या डोळ्यांनी पाहाव्यात. लॉकरिंगच्या मापाबद्दलही सावध असावे : बहुतेक जपानी आणि तैवानी हबवर १.२९ इंचाचा लॉकरिंग लागतो, तर काम्पान्योलोच्या धर्तीवरील इटालियन हबवर १.३२ इंचाचा. फरक एक मिलिमीटरही नाही. मोठा लॉकरिंग लहान आट्यांवर चढल्यासारखा वाटतो आणि नंतर आटे खातो. हब आणि लॉकरिंग एकाच कंपनीचे घेतल्यास हा प्रश्न उरत नाही.

दोन्ही बाजूंना आटे असलेला फ्लिप-फ्लॉप हब नव्याने शिकणाऱ्यांसाठी चांगला असतो. एका बाजूला कॉग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. पाय थकले की चाक उलटे लावून घरी येता येते. फक्त कॉग कोणत्या बाजूला बसवायचा हे पायऱ्या पाहूनच ठरवावे.

कॉग आणि लॉकरिंग घरी बसवता येतात का?

येतात. आटे आधी कापडाने पुसून कोरडे करावेत, कॉगच्या आतल्या आट्यांना ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि पहिले दोन-तीन फेरे केवळ बोटांनी फिरवावेत. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरपे बसत आहेत, तिथेच थांबावे. पुढे चेन-व्हिपने (चेनचा तुकडा जोडलेल्या पान्याने) जोर लावून कॉग आवळावा आणि हूक पान्याने लॉकरिंग डावीकडे फिरवून घट्ट करावा. लॉकरिंगच्या खाचांवर छिन्नी ठेवून हातोडीने ठोकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. त्याने खाचा चेपतात आणि पुढच्या वेळी पाना धरतच नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. चार-पाच किलोमीटर सायकल चालवून, एखादा चढ उभे राहून चढून परत यावे आणि लॉकरिंग पुन्हा आवळावा. पेडलच्या जोराने कॉग आणखी थोडा आत सरकलेला असतो आणि लॉकरिंग व कॉग यांच्यामध्ये केसाएवढी फट पडलेली असते. त्या फटीतूनच आटे झिजायला सुरुवात होते.

चेनलाइन म्हणजे काय आणि ती कशी मोजायची?

फ्रेमच्या मध्यरेषेपासून पुढच्या चेनव्हीलचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) दात जितके दूर, तितकेच मागच्या कॉगचे दातही दूर असले पाहिजेत. ट्रॅकच्या भागांसाठी हे अंतर सामान्यतः ४२ मिलिमीटर असते. गिअरच्या सायकलमध्ये चेन तिरकी चालली तरी डिरेलर (गिअर बदलणारी यंत्रणा) ती सांभाळतो. इथे सांभाळणारे काहीच नाही आणि फिक्स्ड सायकलची चेन वेगात उतरली तर मागचे चाक जागच्या जागी अडकते.

मोजायला साधी पट्टी पुरते. मागे हबची रुंदी १२० मिलिमीटर असेल तर मध्य ६० वर येतो. फ्रेमच्या खाचेच्या आतल्या कडेपासून कॉगच्या दातापर्यंतचे अंतर मोजून ते ६० मधून वजा करावे. ते १८ भरले तर चेनलाइन बरोबर ४२ आहे. पुढे सीट ट्यूबच्या कडेपासून चेनव्हीलच्या दाताच्या मध्यापर्यंत मोजावे आणि त्यात ट्यूबच्या जाडीचा अर्धा भाग मिळवावा. २८.६ मिलिमीटरच्या ट्यूबसाठी तो १४.३ होतो, म्हणजे पट्टीवर २७.७ दिसायला हवे. एक मिलिमीटर इकडेतिकडे चालते, तीन मिलिमीटर चालत नाही. फरक असेल तर बी.बी.च्या एक्सलची लांबी बदलावी किंवा चेनव्हील क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) दुसऱ्या बाजूला बसवून पाहावे. क्रँक बनवणाऱ्याने सांगितलेल्या लांबीचाच एक्सल घेतला तर सहसा ही वेळ येत नाही. चेनलाइन जुळली की सायकल जवळजवळ बोलेनाशी होते. पहाटे रिकाम्या रस्त्यावर फक्त टायरचा आवाज येत राहतो, आणि ती शांतता एकदा अनुभवली की खरखरणारी चेन सहन होत नाही.

जाड चेन घ्यावी की पातळ?

एक अष्टमांश इंचाची जाड चेन ही ट्रॅकची परंपरागत चेन आहे आणि तीन बत्तिसांश इंचाची पातळ चेन गिअरच्या सायकलींमधून आली आहे. जाड चेन पातळ कॉगवर चालते, पातळ चेन जाड कॉगवर बसतच नाही. चेनव्हील, कॉग आणि चेन तिन्ही एकाच मापाची असावीत हे उत्तम. माझा कल जाड मापाकडे आहे, कारण आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलींची चेनही याच मापाची असते आणि अडचणीच्या वेळी शहरातल्या कोणत्याही जुन्या दुकानात ती मिळते. अर्थात ती तात्पुरती सोय समजावी आणि लवकरच चांगल्या कंपनीची चेन बसवावी.

जोडकडीबद्दल दोन शब्द. क्लिपची जोडकडी वापरत असाल तर क्लिपची बंद बाजू चेन धावण्याच्या दिशेला असावी. पाय मागे रेटण्याची सवय असणाऱ्यांनी पिन दाबून जोडलेली किंवा बोल्टची जोडकडी पसंत करावी.

झीज मोजण्यासाठी फूटपट्टी घ्यावी. नव्या चेनच्या एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेली असेल तर चेन बदलावी. आठव्या भागाने पुढे गेली असेल तर कॉग आणि चेनव्हीलचेही दात बहुधा खाल्लेले असतात.

चेन किती ताणलेली असावी?

मधोमध बोटाने वर-खाली केल्यास सुमारे एक सेंटिमीटर हलावी. अगदी ताणलेली चेन हबचे छर्रे आणि बी.बी. खाते, तर सैल चेन उतरते. पेडल हाताने पूर्ण फिरवून पाहावे, कारण चेनव्हील क्वचितच अगदी गोल बसलेले असते आणि एका जागी चेन ताणली जाते. जिथे ती सर्वांत ताणलेली असेल तिथे हा एक सेंटिमीटर राखावा.

इंदूरच्या रस्त्यांसाठी कोणता गिअर योग्य?

शहर माळव्याच्या पठारावर आहे, मोठे चढ नाहीत, पण उड्डाणपूल, गतिरोधक आणि सिग्नल भरपूर आहेत. सुरुवात करणाऱ्यांना मी पुढे ४४ आणि मागे १७ दात सुचवतो. २८ मिलिमीटरच्या टायरच्या चाकाचा परीघ सुमारे २.१४ मीटर धरला तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे जाते आणि मिनिटाला ९० फेऱ्यांनी ताशी सुमारे ३० किलोमीटरचा वेग मिळतो. पाय तयार झाले की ४६ आणि १७ वर जावे, त्यात तोच पाय ताशी ३१ किलोमीटर देतो. ऐकायला फरक किरकोळ आहे. राऊच्या दिशेने उलट वारा लागला की तो गुडघ्यांना कळतो.

वेलोड्रोमवर ४९ आणि १४ किंवा त्याहून जड गिअर लावतात हे पाहून रस्त्यावर तसे करू नये. तिथे सिग्नलवर थांबून पुन्हा उभे राहायचे नसते. जड गिअरमध्ये वेग कमी करणेही तितकेच अवघड जाते.

दातांची संख्या आणि टायरची झीज यांचा काय संबंध?

हा प्रश्न ऐकून मला नेहमी आनंद होतो, कारण इथे शाळेतले अपूर्णांक थेट टायरवर उमटलेले दिसतात.

मागचे चाक अडवून घसरत थांबण्याची ज्यांना सवय आहे, ते पेडल जवळजवळ नेहमी एकाच स्थितीत, दोन्ही क्रँक आडवे असताना अडवतात. त्यामुळे टायरचा ठरावीक भागच रस्त्यावर घासतो. असे किती भाग असतील हे काढण्यासाठी पुढचे दात भागिले मागचे दात हा अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहावा. खाली जो छेद उरतो तितक्या जागी टायर झिजतो. ४८ आणि १६ चा अपूर्णांक ३ छेद १ होतो, म्हणजे प्रत्येक वेळी टायरचा तोच एक तळहाताएवढा तुकडा घासला जातो. ४४ आणि १६ चे ११ छेद ४ होतात, म्हणजे चार जागा. ४६ आणि १७ चा संक्षेप होतच नाही, त्यामुळे झीज सतरा जागी वाटली जाते. जे स्वार कधी डावा तर कधी उजवा पाय पुढे ठेवून चाक अडवतात, त्यांच्यासाठी वरचा अंश विषम असेल तर या जागा दुप्पट होतात : ४७ आणि १७ ला चौतीस.

एका तरुणाने ४८ आणि १६ चा गिअर असलेली सायकल माझ्याकडे आणली होती. मागचा टायर दोन महिन्यांपूर्वीचा होता, बाकी सगळीकडे साच्याचे रबरी केस शाबूत होते आणि एका जागी रबर संपून आतले पांढरे धागे दिसत होते. त्याने टायर निकृष्ट निघाला असे मानले होते. मागे १७ दातांचा कॉग लावला आणि तक्रार मिटली. सतरा ही मूळ संख्या असल्यामुळे पुढे तिच्या पटीतले दात सोडून काहीही लावले तरी सतराहून कमी जागा होत नाहीत.

फक्त पाय रेटून थांबता येत असेल तर ब्रेक कशाला?

थांबताना शरीराचा भार पुढच्या चाकाकडे जातो आणि मागचे चाक हलके होते. हलके झालेले चाक कितीही अडवले तरी ते रस्त्याला पकडू शकत नाही, नुसते घसरते. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगातून केवळ मागचे चाक घसरवून थांबायला साधारण १४ मीटर लागतात, पुढच्या ब्रेकने त्याच्या निम्मे. यात प्रसंग लक्षात यायला लागणारा वेळ धरलेला नाही. चेन तुटली किंवा उतरली तर पायांकडे काहीच उरत नाही.

पुढच्या ब्रेकशिवाय रस्त्यावर फिक्स्ड सायकल चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ब्रेकला भोक नसलेल्या सायकलचे काम मी रस्त्यासाठी करून देत नाही. ब्रेक घेताना त्याची पोच मोजावी. चिमट्याच्या भोकापासून रिमच्या ब्रेकपट्टीच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि ब्रेकवर दिलेले माप जुळले पाहिजे, नाहीतर रबर टायरला घासते. रिमची कड यंत्राने सपाट केलेली असावी. रंगवलेल्या कडेवर पावसात ब्रेक लागत नाही.

क्रँक किती लांब असावा?

१६५ मिलिमीटर. वळणावर सायकल कलते तेव्हाही पेडल फिरत असते, त्यामुळे लांब क्रँकचे पेडल जमिनीला लागून मागचे चाक उचलले जाऊ शकते. फार उंच स्वारांनी १७० वापरला तरी चालतो, पण मग वळणावर कमी कलावे.

क्रँक घेताना चेनव्हीलच्या बोल्टांचे वर्तुळ पाहावे. ट्रॅकचे माप १४४ मिलिमीटर आहे, रस्त्याच्या सायकलींचे बहुधा १३० किंवा ११०. १४४ मध्ये चेनव्हील मजबूत मिळतात, पण लहान दातसंख्या मिळणे अवघड असते. ज्यांना ४४ किंवा त्याहून कमी दात हवे आहेत त्यांनी १३० चा क्रँक घेतला तर पुढे निवडीला वाव राहतो.

पायांसाठी पट्टे आवश्यक आहेत का?

होय. पाय मागे रेटायचा असेल तर तो पेडलला बांधलेला असावाच लागतो, आणि वेगात पाय निसटला तर फिरते पेडल नडगीवर येते. टो-क्लिप आणि चामड्याचा पट्टा, रुंद कापडी पट्टे किंवा क्लिपचे बूट यांपैकी जे जमेल ते घ्यावे. पट्टा एका हाताने सोडवण्याची सवय भिंतीला टेकून आधी करावी.

बाजारात २८ इंची टायर मिळतात, ते ७००सी चाकाला बसतील का?

बसणार नाहीत. हा गोंधळ इतक्या वेळा झाला आहे की नीट सांगतो. आपल्या नेहमीच्या उंच काळ्या सायकलीचा टायर २८ गुणिले दीड इंच असतो आणि त्याच्या रिमचा टायर बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. ७००सी चाकाचा तोच व्यास ६२२ मिलिमीटर आहे. बाहेरून दोन्ही चाके सारखी दिसतात, पण १३ मिलिमीटरचा हा फरक मिटवता येत नाही. जुन्या परदेशी सायकलींवरील २७ इंचाचे माप आणखी वेगळे, ६३० चे. टायरच्या कडेवर २८-६२२ किंवा २५-६२२ अशी जोडी छापलेली असते. पहिला अंक रुंदी, दुसरा व्यास. दुकानदाराला इंच न सांगता हे दोन आकडे लिहून द्यावेत.

टायर किती रुंद घ्यावा?

फ्रेममध्ये मावेल तितका, आणि शक्य असेल तर २८ मिलिमीटर. इंदूरचे रस्ते रात्री झाडले जातात. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिळवणाऱ्या या शहरात मुख्य रस्त्यांवर काचेमुळे होणारी पंक्चर खरोखर कमी असतात. पण इथले अनेक रस्ते सिमेंटचे आहेत आणि दोन पट्ट्यांमधील लांब सांध्यातला डांबराचा भराव जागोजागी निघून गेला आहे. २३ मिलिमीटरचा टायर त्या सांध्याला जवळजवळ समांतर गेला तर आत शिरतो आणि हँडल हातात राहत नाही. २८ चा टायर त्यावरून जातो. शहराबाहेर बाभळीचे काटे असतात, त्यांच्यासाठी रस्त्याला लागणाऱ्या रबराखाली संरक्षक थर असलेला टायर घ्यावा. तो थोडा जड आणि कडक लागतो, रोजच्या वापरात हा तोटा मला मान्य आहे.

मागचे चाक घसरवणाऱ्यांनी मागे जाड रबराचा साधा टायर लावावा आणि चांगला, मऊ टायर पुढे ठेवावा. वळण आणि ब्रेक दोन्ही पुढच्या टायरच्या भरवशावर असतात. झिजलेला मागचा टायर पुढे घालून नवा मागे लावण्याची जी रीत आहे ती फिक्स्ड सायकलसाठी घातक आहे.

टायर घेण्यापूर्वी फ्रेम आणि चिमटा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना किमान तीन-चार मिलिमीटर फट उरेल हे पाहावे. चाकाची आऊट (फिरताना डावी-उजवीकडे डोलणे) काढलेली नसेल तर ही फट अपुरी पडते.

हवा किती भरावी?

टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरलीच पाहिजे असे नाही. ७० किलो वजनाच्या स्वारासाठी २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे ७० आणि मागे ८० पीएसआयच्या आसपास, २५ च्या टायरमध्ये पुढे ८५ आणि मागे ९५ च्या आसपास ठेवून सुरुवात करावी आणि पाच-पाचने कमी-जास्त करून आपल्याला काय मानवते ते ठरवावे. वजन जास्त असल्यास थोडी वाढवावी.

उन्हाळ्यात एक काळजी घ्यावी. पहाटे २० अंश तापमानात भरलेली ८० पीएसआय हवा टायर ४५ अंशांपर्यंत तापला की सुमारे ८८ होते. त्यामुळे मे महिन्यात कमाल मर्यादेला टेकेल एवढी हवा भरून सायकल उन्हात उभी करू नये.

ट्युब्युलर टायर वापरावेत का?

वेलोड्रोमसाठी जरूर, रस्त्यासाठी नाही. ट्युब्युलर टायरची ट्यूब आतच शिवलेली असते आणि टायर रिमला सरसाने चिकटवतात. २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर वळणाचा उतार ४२ ते ४५ अंशांचा असतो आणि तिथे पूर्ण वेगात चाकांवर स्वाराच्या वजनाच्या दीडपटीच्या आसपास भार येतो. अशा जागी टायर फुटला तरी नीट चिकटवलेला ट्युब्युलर रिम सोडत नाही आणि स्वाराला खाली यायला काही क्षण मिळतात. गुळगुळीत लाकडावर तो १५० पीएसआय आणि त्याहूनही अधिक हवेवर चालवतात. सिमेंटच्या उघड्या ट्रॅकवर हवा कमी ठेवावी लागते, कारण खरखरीत पृष्ठभागावर अतिकडक टायर उड्या मारतो.

आपल्या देशात दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी उभारलेला २५० मीटरचा बंदिस्त लाकडी ट्रॅक आहे आणि पुण्याला बालेवाडीत उघडा वेलोड्रोम आहे. भारतीय सायकलपटू एसो आल्बेनने २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील एगल येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत केरिनचे (वेग ठरवणाऱ्या मोटार सायकलीमागून सुरू होणाऱ्या ट्रॅक शर्यतीचे) रौप्यपदक मिळवल्यापासून इथल्या मुलांनाही या खेळाची ओढ लागली आहे, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. दिल्लीला सरावाला जाणाऱ्यांनी ट्रॅकसाठी चाकांची वेगळी जोडी ठेवावी. रस्त्यावर चाललेल्या टायरमधली खडी लाकडात रुतते. सरस लावल्यावर एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा, आणि उन्हात बंद मोटारीत ती चाके ठेवू नयेत, उष्णतेने सरस मऊ होतो.

चाकाला किती आरे असावेत?

३२ किंवा ३६, आणि मागच्या चाकात तीन वेळा एकमेकांना छेदून बांधलेले. फिक्स्ड सायकलच्या मागच्या चाकावर पुढे आणि मागे दोन्ही दिशांनी पीळ पडतो, म्हणून सरळ, न छेदणारे आरे मागे कधीही लावू नयेत. जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेल्या केरिन शर्यतींत आजही ३६ आऱ्यांची साधी चाके वापरतात, यातच सारे आले. रिम दुहेरी भिंतीची असावी.

पावसाळ्यात काय करावे?

माळव्याची काळी माती ओली झाली की टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये थापली जाते आणि अरुंद फ्रेमचे चाक फिरेनासे होते. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर जाऊच नये. चेन प्रत्येक ओल्या फेरीनंतर पुसून तेल द्यावे. सीट पोस्टला ग्रीस नसेल तर सप्टेंबरपर्यंत ती फ्रेममध्ये कायमची बसते.

घरातली जुनी सायकल फिक्स्ड करता येईल का?

फ्रेमच्या मागच्या खाचा आडव्या असतील तर येते, उभ्या असतील तर नाही, कारण चाक मागे-पुढे सरकवल्याशिवाय चेन ताणता येत नाही. जुन्या स्टीलच्या गिअर सायकलींची मागची रुंदी बहुधा १२६ मिलिमीटर असते. त्यात १२० चा हब बसवताना दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरचे वायसर घालावेत, नट आवळून फ्रेम दाबत बसू नये. नेहमीच्या काळ्या सायकलीला मात्र हात लावू नये. तिची रिम ६३५ ची, क्रँक कॉटरचा, रॉडचे ब्रेक : एकेक भाग बदलत गेलात तर शेवटी नळ्यांखेरीज मूळचे काहीच राहत नाही आणि खर्च नव्या सायकलीएवढा होतो.

फ्रेम योग्य निघाली तर कामाला सुरुवात मागच्या चाकापासून करावी, मग बी.बी. आणि क्रँक, मग चेन, मग ब्रेक. पहिल्या फेरीला निघताना खिशात १५ मिलिमीटरचा पाना ठेवावा. या सायकलीच्या चाकांना नट असतात आणि तो पाना नसेल तर रस्त्यात पंक्चर काढण्यासाठी चाकच सुटत नाही.